उठवणीचा प्रवेश

बाईंनी सगळी हयात एकाच नाटकाच्या अभ्यासात घालवली आणि त्यावर एकच पुस्तक लिहिलं. पण ते असं लिहिलं की त्यानंतर त्या नाटकाकडे कोणाला साध्या डोळ्यांनी बघता येईना. विद्यापीठात त्या नाट्यशास्त्र शिकवायच्या. विद्यार्थी, शेजारी, कोपऱ्यावरचा पाववाला, सगळेच त्यांना बाई म्हणत. नवरा दातांचा डॉक्टर. तोही चारचौघांत बाईच म्हणे आणि वर सांगे, "घरात नापास झालेला विद्यार्थी मी एकटाच आहे."

नाटकाचं नाव 'मेजवानी'. साहेबाचं राज्य होतं तेव्हा शहरातल्या एका शाळामास्तरांनी ते लिहिलेलं. गोष्ट म्हणाल तर चिमूटभर. गव्हर्नर गावातल्या बड्या मंडळींना जेवायला बोलावतो, पण जेवण काही वाढलं जात नाही, कारण प्रत्येक पदार्थाआधी त्याला भाषण करायचं असतं. पाहुणे भुकेने कासावीस, मुका वाढपी हातात तबक धरून उभा, आणि गव्हर्नरच्या जिभेला काही विसावा नाही. तिसऱ्या अंकात तो रंगमंचाच्या अगदी कडेला येतो, समोरच्या प्रेक्षकांनाच आपले पाहुणे समजतो आणि म्हणतो, "उभे राहा."

आणि प्रेक्षक उभे राहतात. खरोखरचे. दरवर्षी, पिढ्यान्‌पिढ्या. पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळं नाट्यगृह खुर्च्यांचा खडखडाट करत उठतं, गव्हर्नरचं भाषण संपेपर्यंत उभं राहतं आणि तो "बसा" म्हणाला की हसत हसत बसतं. नाटकवाले त्याला उठवणीचा प्रवेश म्हणत.

लोक का उठतात, याची एक गोष्ट गावात सांगितली जायची. पहिल्या प्रयोगाला म्हणे खरा गव्हर्नर पहिल्या रांगेत बसला होता. रंगमंचावरच्या खोट्या गव्हर्नरने उभं राहायला सांगितलं, प्रेक्षक उठले, आणि त्यांच्या मागोमाग हा खराही गोंधळून उठला. मास्तरांनी त्याला त्याच्याच नकलेपुढे उभं केलं. तेव्हापासून लोक त्या गमतीखातर उठतात. गोष्ट झकास होती, पण बाईंना तिचा पुरावा काही कुठे सापडला नाही. त्यांच्या पुस्तकाचं म्हणणं वेगळंच होतं. साहेब गेला, त्याचे पुतळे गेले, रस्त्यांची नावं गेली, पण हुकूम ऐकला की उठायची अंगातली सवय गेली नाही. उठवणी म्हणजे त्या सवयीचा वार्षिक दिवस. या एका प्रकरणावर देशोदेशीच्या परिषदांमध्ये चर्चा झाल्या. गावात मात्र लोक पुस्तकाचं कौतुक करत आणि नाटकाला गेले की निवांत उठून उभे राहत.

तर झालं असं, की जुनं नाट्यगृह दुरुस्तीनंतर पुन्हा उघडायचं ठरलं आणि नगरपालिकेच्या समितीने पहिला मान 'मेजवानी'ला दिला. दिग्दर्शन कोण करणार? समितीतल्या कोणीतरी म्हटलं, या नाटकाची खडान्‌खडा माहिती एकाच माणसाला आहे. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग विचार करते म्हटलं, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तोवर त्यांच्या डोक्यात दुसरा अंक उभा राहिलाही होता.

"कर की," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यास. आता तुझ्या काढायला लोकांना संधी दे."

पात्रनिवड विद्यापीठाच्या तालमीच्या खोलीत झाली. खोली लांबोडकी, खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या खुर्च्या. शहरात माणसं तीन मुलखांची. बंदराकडचे व्यापारी; साहेबाने जहाजांत भरून मळ्यांवर आणि कचेऱ्यांत कामाला आणलेल्यांची लेकरंनातवंडं, ज्यांत बाईंचंही घराणं होतं; आणि डोंगरातले, जे या सगळ्यांच्या आधीपासून इथे होते. बाईंनी मनाशी आराखडा पक्का केला होता. आजवर मुका राहिलेला वाढपी या वेळी बोलणार. तो डोंगरातला असणार, आणि शेवटी आपल्या भाषेत एक स्वगत म्हणणार. ते स्वगत बाईंनी लिहूनही ठेवलं होतं. फक्त ते डोंगरी बोलीत करून घ्यायचं बाकी होतं.

डोंगरातली म्हणावी अशी एकच मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई. मोठ्या इस्पितळाच्या औषधखिडकीवर असायची, म्हणून सगळे तिला औषधवाली म्हणत. तिने गव्हर्नरचं पहिल्या अंकातलं भाषण निवडलं होतं. घसा साफ केला, एक हात पाठीमागे घेतला आणि बोलायला लागली. खोलीत मागे कुजबुजणारे गप्प झाले. भाषण रस्त्याच्या डागडुजीवर होतं, पण ती असं म्हणत होती की जणू तो रस्ता तिने स्वतः पोटी जन्माला घातला आहे. हसू आवरेना म्हणून दोघे खोलीबाहेर गेले.

"छान," बाई म्हणाल्या. "फारच छान. तुम्हाला मी वाढप्याचं काम देणार आहे."

औषधवालीने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. "गव्हर्नरचं वाचलं ना मी?"

"हो. पण या प्रयोगात वाढपी महत्त्वाचा आहे. शेवटी त्याला स्वगत आहे. तुमच्या भाषेत."

"कुठल्या माझ्या भाषेत?"

"डोंगरी बोलीत."

"ती मला येत नाही," औषधवाली अगदी सरळ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे सांगावं तसं ती सांगत होती. "आईला थोडी येते. मामाला येते. मला शिव्या आणि दोन-चार शब्द कळतात. स्वगत पाठ करून म्हणेन, बाई, काही अवघड नाही. पण गव्हर्नर मला चांगला जमतो. इस्पितळात रोज बघते मी गव्हर्नर, निरनिराळ्या विभागांचे. वाढप्याचं काम चांगलं जमेल असा दुसरा कोणी मिळेल की तुम्हाला."

बाईंनी "कळवते" म्हटलं. दिवसभर औषधवालीच्या त्या शेवटच्या वाक्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. संध्याकाळी नवरा भांडी विसळत होता आणि त्या पुसत होत्या.

"मी तिला संधी देत होते," त्या म्हणाल्या.

"तिला हवी होती ती दिलीस?"

"मुद्दा तो नाहीये."

"मग नसेल," नवरा म्हणाला आणि तवा घासायला घेतला. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "काम कोणाचं चांगलं झालं?"

"तिचंच. दुसऱ्या कोणाचं जवळपासही नाही."

बाईंना रात्री झोपण्याआधीच उत्तर ठाऊक होतं. अडचण निराळीच होती, आणि ती घरातली होती. गव्हर्नरचं काम गेली कित्येक वर्षं नवऱ्याचे काका करत आले होते. काकांचं चष्म्याचं दुकान होतं, पण गावात त्यांना चष्मेवाले कोणी म्हणत नसे. त्यांचं नाव लाटसाहेब. पोस्टमनसुद्धा पत्ता न बघता 'लाटसाहेबांचं टपाल' म्हणून आणून टाकायचा. काकू गेल्यापासून तर वर्षातला तो एक प्रयोग हाच त्यांचा सणवार होता. पात्रनिवडीला ते आले नव्हते. आपलं काम आपल्यालाच, यात निवडायचं काय, असं त्यांना वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या. काका एका गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्म्याची दांडी बसवत होते. सुनेला बघून त्यांनी डोळ्यांनीच स्टूल दाखवलं. गिऱ्हाईक गेलं तसे म्हणाले, "चेहऱ्यावरून चहा नको असं दिसतंय. बोला."

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. काकांनी हातातली काच पुसली. मग तीच काच परत पुसली.

"कोण म्हणालात? औषधवाली? माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या देते ती?"

"तीच."

"बाई गव्हर्नर," ते म्हणाले.

"हो, काका."

"माझ्यापेक्षा बरी करते?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण काकांनी कधी कोणाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला नव्हता. त्यांच्यापुढे ते जमेना. "वेगळी करते. तुमच्या गव्हर्नरवर लोकांचं प्रेम बसतं. तिच्या गव्हर्नरवर बसत नाही, तरी नजर हटत नाही."

रस्त्यावरून शाळेतली पोरं गेली, एकाने काचेवर टकटक करून "लाटसाहेब!" अशी हाक मारली. काकांनी सवयीने हात वर केला. मग म्हणाले, "वाढपी कोण आहे?"

"अजून कोणी नाही."

"मग मला द्या. मात्र त्याला बोलायला लावू नका. स्वगत-बिगत नको. इतकी वर्षं त्या गव्हर्नरला मी आतूनच बघितला. माझ्यामागे तबक धरून उभा असलेला माणूस काय बघत असतो, हे मला कधी दिसलंच नाही. एकदा बघू दे."

बाई दुकानातून बाहेर पडल्या तेव्हा जीव भांड्यात पडला होता. लिहून ठेवलेलं स्वगत त्यांनी घरी जाऊन खणात टाकलं.

तालमी सुरू झाल्या. पहिले काही दिवस काकांना गप्प राहणं जड गेलं. औषधवाली संवाद बोलू लागली की मागे त्यांचे ओठ हलत. एकदा ती अडखळली, तेव्हा मुक्या वाढप्यानेच पुढचं वाक्य खणखणीत आवाजात टाकलं आणि सगळ्यांची हसता हसता पुरेवाट झाली. हळूहळू ते निवले. तबक धरून नुसतं उभं राहण्यात त्यांनी इतकं काही शोधलं, की बाईंना अधूनमधून सांगावं लागे, "काका, जरा कमी. लोक तुमच्याकडेच बघत बसतील."

मग एके दिवशी तालमीला मामा आले. औषधवालीचे सख्खे मामा, मोजणी खात्यात अधिकारी, आणि डोंगरातल्या लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष. उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी पूर्ण अंक शांतपणे बघितला आणि संपल्यावर बाईंपाशी आले.

"मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "मंडळात कुरबुर आहे, म्हणून आलो. या साहेबाने आमची कित्येक गावं डोंगरावरून खाली आणून बसवली. आणि त्याची टोपी आमच्याच मुलीने घालायची?"

औषधवाली पाण्याची बाटली घेऊन जवळ आली. "मामा, मी त्याची नक्कल करतेय, त्याचं देणं नाही लागत."

"ते मला कळतं गं. मला इतकंच विचारायचंय, की लोक टाळ्या कोणाला वाजवतील? तुला की त्याला?"

औषधवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंना या प्रश्नावर किमान तीन विद्वानांची मतं तोंडपाठ होती. पण मामांच्या तोंडाकडे बघून त्यांतलं एकही सांगावंसं वाटलं नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रयोगाला या. पहिल्या रांगेतली जागा ठेवते."

"बघतो," मामा म्हणाले. ते जाताना काकांनी त्यांना, तालमीतला वेश तसाच अंगावर ठेवून, दार उघडून दिलं.

खरा वाद झाला तो उठवणीवरून. बाईंना तो प्रवेश कापायचा होता. ज्या सवयीवर आपण आयुष्यभर टीका केली, तिची सोय आपणच कशी करून द्यायची? काका विरोधात असणार हे धरलेलंच होतं. पण औषधवालीही अडून बसली.

"बाई, ते वाक्यच तर नाटक आहे. बाकी सगळी भाषणं त्यासाठीच चालली आहेत."

"लोक उठतील. नेहमीसारखे. हसत हसत."

"उठू देत. उठल्यावर हसायचं की नाही, ते माझ्याकडे सोडा."

दोन दिवस धुसफुस चालली. शेवटी बाईंनी हार मानली, पण मनातून नाही. प्रयोगाच्या दिवशी आपण मागच्या रांगेत बसायचं आणि काही झालं तरी उठायचं नाही, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह ओसंडून वाहत होतं. नव्या रंगाचा वास, खुर्च्यांना नवं कापड, वर जुनीच झुंबरं. मामा पहिल्या रांगेत, मधोमध, हाताची घडी घालून. पहिल्या अंकात लाटसाहेबांच्या गव्हर्नरवाचून लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. काका वाढपी होऊन आले तेव्हा जी टाळी पडली, ती काही केल्या थांबेना. पण दुसऱ्या अंकापर्यंत औषधवालीने सभागृह मुठीत घेतलं. ती ओरडत नव्हती. ती समजुतीने बोलत होती, हळुवार, काळजी वाटावी इतक्या मायेने, आणि पाहुणे उपाशी मरत होते.

तिसरा अंक आला. ती कडेपर्यंत चालत आली. टोपी सारखी केली. कुठलाही जोर न देता, दवाखान्यात पुढच्या रोग्याला बोलवावं तशी म्हणाली, "उभे राहा."

खुर्च्या खडखडल्या. लोक उठले. हसले, आणि मग हसू विरलं, कारण तिने भाषण सुरूच केलं नाही. ती नुसती बघत राहिली, एकेका रांगेवरून नजर फिरवत, किती उठले, किती राहिले हे पाहत. नजर मागच्या रांगेपर्यंत आली, आणि त्या क्षणी बाईंच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत.

कधी उठलो, हे त्यांना आठवेना. ठरवलं होतं, खुर्चीचे हात घट्ट धरले होते, आणि तरी पाय आपले आपण उठले होते. बाईंचे आजोबा कचेरीत कारकून होते; साहेब आला की खुर्ची मागे सारून उठायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं असं आई सांगायची. बाईंनी ते पुस्तकात वापरलंही होतं, इतरांविषयी लिहिताना. आता कानशिलं तापली. बसावं तर सगळ्यांत उठून दिसेल, म्हणून बसवेना. हेही त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं, आणि फारसं चुकीचं लिहिलं नव्हतं.

मग उतरत्या रांगांवरून खाली बघताना त्यांना दिसलं की एक माणूस बसलेला आहे. पहिल्या रांगेत, मधोमध. मामा.

रंगमंचावर औषधवालीची नजरही परत पुढे आली आणि तिथेच थांबली. तिने मान किंचित कलती केली. "उभे राहा," ती पुन्हा म्हणाली. हे नाटकात नव्हतं. मामा हलले नाहीत. हाताची घडीही सुटली नाही.

बाईंची पाचावर धारण बसली. पण औषधवालीने भाषण सुरू केलं, आणि ते सगळं त्या एका माणसाला उद्देशून म्हटलं. मेजवानी, उपकार, रस्ते, शिस्त. दर वाक्याला तिचा आवाज थोडा खाली येत गेला. आधी हुकूम होता, मग समजूत, मग मनधरणी. शेवटी शेवटी गव्हर्नर त्या बसलेल्या माणसापुढे अक्षरशः याचना करत होता, आणि मागे शेकडो माणसं उभी राहून ते बघत होती. काहीजण अवघडून खाली बसले. काही नाही बसले.

भाषण संपलं. आता "बसा" म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि ते म्हणावं की नाही या विचारात ती क्षणभर थांबली. तेवढ्यात मागून काका हलले. हातात तबक घेऊन मुका वाढपी सावकाश पुढे आला, गव्हर्नरच्या बाजूने निघून गेला, कडेच्या पायऱ्या जपून उतरला, आणि मामांपुढे वाकून त्याने तबक धरलं. सगळ्या नाटकात त्या तबकावरचा पेला पहिल्यांदाच कोणाला मिळत होता. मामांनी काकांकडे पाहिलं, पेला उचलला आणि प्यायले.

मग जे हसू आणि टाळ्या झाल्या, त्यांत कोण बसलं, कोण उभं राहिलं, याचा काही मेळ राहिला नाही.

प्रयोगानंतर रंगपटात ही गर्दी. बाईंनी वाट काढत मामांना गाठलं.

"तुम्ही उठला नाहीत," त्या म्हणाल्या.

"गुडघा आखडला होता," मामा म्हणाले. "त्या नव्या खुर्च्या फार खोल आहेत. उठता येईना."

औषधवाली तोंडावरचा रंग पुसत होती. तिने आरशातून मामाकडे एक नजर टाकली.

"खरंच?" बाईंनी विचारलं.

"आता तुम्ही यावर लिहाल," मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मिस्कील काहीतरी होतं, की बाईंनाच तसं वाटलं कोण जाणे. "काय लिहायचं ते लिहा, पण गुडघ्याचंही लिहा. आणि त्या पेल्यात काय होतं? बिनसाखरेचा चहा? पाहुण्याला असं देतात का?"

"पाहुणा येईल असं वाटलंच नव्हतं," काका म्हणाले. कित्येक आठवड्यांत वेश अंगावर असताना ते पहिल्यांदाच बोलले होते.

"मी उठले," बाई एकदम म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "उठायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि उठले."

औषधवाली वळली. "मला दिसलं," ती म्हणाली. "म्हणून तर मला कळलं की आवाज बरोबर लागलाय." ते ती इतक्या साधेपणाने म्हणाली की बाईंना हसू आलं.

पुढच्या प्रयोगाचं काही नीट जमलं नाही. पहिल्या दिवशीची हकीकत गावभर झाली होती, त्यामुळे "उभे राहा" म्हटल्यावर निम्मं सभागृह मुद्दाम बसून राहिलं आणि एकमेकांकडे बघत आपल्या शौर्यावर खूश झालं. उरलेले उठले आणि बसलेल्यांकडे रागाने बघू लागले. मधल्या रांगेत दोन भावांची जुंपली. गव्हर्नरकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. औषधवाली आत येऊन टोपी टेबलावर आपटत म्हणाली, "माझ्या प्रवेशात त्यांचंच नाटक चाललंय." बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम ठेवली. आता त्यांना तालीम घ्यायला आवडू लागलं होतं; चुकलेलं उद्या दुरुस्त करता येतं, ही गोष्ट पुस्तकाच्या बाबतीत कुठे होती?

त्याच सुमाराला मामांनी निरोप दिला, की डोंगरातल्या शाळेच्या सभागृहात प्रयोग करा. मंडळाचं म्हणणं पडलं होतं, टोपी कोणी घातली यावर खाली शहरात बसून बोलण्यापेक्षा वरच्या लोकांना एकदा बघू तर दे. सगळे दोन गाड्यांतून गेले. रस्ता वळणावळणाचा, काकांनी वाटेत दोनदा गाडी थांबवायला लावली आणि दोन्ही वेळा "देखावा बघायला" असं कारण सांगितलं. नवरा दवाखाना बंद ठेवून बरोबर आला होता. मामा सगळ्यांना घ्यायला फाट्यावर उभे होते.

सभागृह म्हणजे पत्र्याची मोठी खोली. लाकडी बाकं, भिंतीला नकाशे, खिडक्यांतून उन्हाचे पट्टे. इथे 'मेजवानी' कोणी बघितली नव्हती. उठवणीची रीत कोणाला ठाऊक नव्हती. बऱ्याच म्हाताऱ्यांना नाटकाची भाषाही जेमतेम कळत होती. बाई भिंतीला टेकून मामांच्या शेजारी उभ्या होत्या. पहिले दोन अंक लोक शांतपणे बघत राहिले. हसू कुठे येईल याचा अंदाज लागत नव्हता. शहरात जिथे हशा पिकायचा तिथे शांतता, आणि वाढपी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायचा तिथे खसखस.

मग औषधवाली कडेला आली. "उभे राहा."

कोणी उठलं नाही. विरोध म्हणून नव्हे. आपल्याला काही करायचं आहे हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे मायेने तिच्याकडे बघत राहिले. ती थांबली. दुसऱ्यांदा म्हणाली. तेव्हा पुढच्या बाकावरची एक म्हातारी, डोक्याला फडकं बांधलेली, मोठ्याने काहीतरी म्हणाली. आणि सगळी खोली खदखदून हसली.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

मामांना हसू आवरत नव्हतं. "म्हणतेय, आम्ही बसलोय ते बरे आहोत. तूच बस गं बाई, मघापासून उभी आहेस, दमली असशील."

औषधवालीला शब्द किती कळले देव जाणे, पण म्हातारी हाताने खाली बस, खाली बस असं करत होती. गव्हर्नर बावरला. त्याने मागे वळून पाहिलं. काकांनी तबक काखेत मारलं, मेजवानीच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्यामागे ठेवली. औषधवाली बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि उरलेलं भाषण बसूनच म्हणायला लागली, समोर बसलेल्यांसारखंच बसून. शिस्तीवरचं ते भाषण बसल्या बसल्या कानाला भलतंच लागत होतं. जणू कोणी म्हातारा साहेब राज्य गेल्यावर ओसरीत बसून जुन्या गोष्टी सांगतो आहे आणि ऐकणारे नुसतं हं हं करताहेत.

बाईंनी पर्समध्ये पेन शोधलं, सापडलं, आणि तसंच परत ठेवून दिलं. लिहायला बसलं तर पुढचं बघायचं राहून जाईल. म्हातारी आता शेजारणीला काहीतरी सांगत होती. काका खुर्चीमागे ताठ उभे होते.

"त्या आता काय म्हणताहेत?" बाईंनी मामांच्या कानाशी विचारलं.

"थांबा," मामा म्हणाले. "मलाही ऐकू दे."